सह्याद्रीतलं वटवाघूळ आणि मेंदूतला सूर

ज्यांना लोकलच्या गर्दीत ऐकता येत नाही आणि वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे या एपिसोडचं लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त 'अं', 'म्हणजे' काढून टाकलेत.

आजचा विषय वटवाघळांचा. नाव काढल्यावर 'ई' म्हणणारे बरेच जण असतील. केसात अडकतं, घरात शिरलं की अपशकुन, रक्त पितं, हे सगळं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पण आजचा प्रश्न वेगळा आहे. वटवाघूळ ओरडतं तेव्हा त्याच्या मेंदूत नक्की काय होतं? तो आवाज कुठून निघतो, त्याला लगाम कोण घालतं? आणि माणसाला हे कळायला दोनशे वर्षं का लागली?

मी बोरीवलीत राहतो. आमच्या पूर्वेला नॅशनल पार्क आणि पार्कात कान्हेरी. काळ्या बेसॉल्ट दगडात कोरलेल्या शंभरहून जास्त गुंफा. इसवी सनाच्या आधीच्या शतकात काम सुरू झालं आणि पुढे जवळजवळ हजार वर्षं तिथे बौद्ध भिक्खूंची वस्ती होती. भिक्खू गेले, गुंफा रिकाम्या झाल्या, आणि अंधाऱ्या कोपऱ्यांत वटवाघळं राहायला आली. फक्त कान्हेरीच नाही, महाराष्ट्रातल्या बऱ्याच लेण्यांची हीच कथा. माणसाने देव-धर्मासाठी दगड कोरला आणि पाकोळ्यांना आयती घरं मिळाली.

तर सुरुवात करूया. पण मुंबईपासून नाही, इटलीपासून.

कान की डोळे?

१७९३. इटलीतल्या पाव्हिया विद्यापीठात लाझारो स्पालांझानी नावाचे अभ्यासक होते. त्यांनी पाहिलं की मिट्ट काळोखात घुबड गोंधळतं, पण वटवाघूळ आरामात उडतं. त्यांनी वटवाघळांचे डोळे निकामी केले. तरी ती उडाली. प्रयोग क्रूर होता, पण निष्कर्ष स्पष्ट होता: काम डोळ्यांचं नाही. पुढच्याच वर्षी जिनिव्हातल्या लुई ज्युरीन यांनी वटवाघळांचे कान बंद केले, आणि ती भिंतींवर आदळू लागली. म्हणजे वटवाघूळ कानाने 'बघतं'.

आता गंमत अशी, की उत्तर मिळूनही ते कुणाला पटेना. कारण उडणारं वटवाघूळ माणसाच्या कानाला गप्पच वाटतं. आवाजच नाही तर कान ऐकणार काय? जॉर्ज क्युव्हिए हे त्या काळातलं प्राणीशास्त्रातलं फार मोठं नाव. त्यांनी सांगितलं की हा स्पर्शाचा प्रकार आहे, पंखांना हवा जाणवते. मोठ्या माणसाचा शब्द! पुढची शंभरेक वर्षं बहुतेक लोक तेच धरून बसले.

१९२० मध्ये इंग्लंडच्या हार्ट्रिज यांनी अंदाज मांडला की वटवाघळं आपल्याला ऐकू न येणारे, फार वरच्या पट्टीतले आवाज काढत असावीत. पुरावा मिळाला १९३८ मध्ये. हार्वर्डमध्ये डोनाल्ड ग्रिफिन हा तरुण विद्यार्थी वटवाघळं घेऊन भौतिकशास्त्रज्ञ जी. डब्ल्यू. पिअर्स यांच्याकडे गेला. पिअर्स यांच्याकडे अतिउच्च आवाज पकडणारं यंत्र होतं. वटवाघळं यंत्रासमोर आली आणि यंत्र बोलू लागलं. पुढे रॉबर्ट गॅलंबोस यांच्यासोबत ग्रिफिनने दाखवलं की कान बंद केले तरी वटवाघूळ धडपडतं आणि तोंड बांधलं तरी धडपडतं. दोन्ही लागतात. १९४४ मध्ये ग्रिफिनने या प्रकाराला नाव दिलं 'एकोलोकेशन'. आपण प्रतिध्वनीने ठाव घेणं म्हणू.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. माणसाचा कान साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. तुमच्या हातातला फोन नेहमीच्या रेकॉर्डिंगमध्ये फार तर २४ किलोहर्ट्झपर्यंत पकडतो, कारण तो सेकंदाला ४८ हजार नमुने घेतो आणि त्याच्या निम्म्यापर्यंतचाच सूर त्यात बसू शकतो. ज्या वटवाघळाबद्दल आज बोलायचंय ते ८० किलोहर्ट्झच्या आसपास ओरडतं. म्हणजे तुम्ही कान्हेरीत उभे राहून व्हिडिओ काढलात, वर दहा वटवाघळं किंचाळत असली, तरी तुमच्या व्हिडिओत शांतता!

मुंबईने काय केलं?

तोपर्यंत इकडे काय चाललं होतं? १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू झाली. आपण तिला बीएनएचएस म्हणतो. सुरू करणारे आठ जण, त्यातले दोन आपले: डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. १९११ मध्ये या संस्थेने भारतातल्या सस्तन प्राण्यांचं मोठं सर्वेक्षण सुरू केलं. ते १९२३ पर्यंत चाललं. माणसं गावोगाव फिरली, प्राणी गोळा केले, कातडी आणि कवट्या जपल्या, चिठ्ठ्या लावल्या.

याच काळात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत एक मोठ्या कानांचं वटवाघूळ मिळालं. लंडनच्या ओल्डफिल्ड थॉमस यांनी १९१३ मध्ये त्याचं वर्णन छापलं आणि सर्वेक्षणात मोठा वाटा असलेल्या रॉटन यांचं नाव त्याला दिलं. कित्येक दशकं जगात हे वटवाघूळ फक्त त्या एका गुहेत माहीत होतं! नंतर ते मेघालयातही सापडलं. आज ती गुहा भीमगड अभयारण्याच्या परिसरात येते.

दुसरी गोष्ट तर अजून भारी. १९४८ मध्ये तमिळनाडूतल्या हाय वेव्ही डोंगरात अँगस हटन यांना एक फळं खाणारं वटवाघूळ मिळालं. ते बीएनएचएसच्या संग्रहात आलं आणि नेहमीच्या, आखूड नाकाच्या जातीचं म्हणून कपाटात गेलं. वीस-बावीस वर्षं कुणी पुन्हा पाहिलं नाही. १९७० मध्ये थायलंडचे कित्ती थोंगलोंग्या मुंबईत आले, त्यांनी तो नमुना तपासला आणि म्हणाले, ही तर वेगळीच जात आहे. १९७२ मध्ये तिचं नामकरण झालं, सलीम अलींच्या नावावरून.

या दोन्ही गोष्टी मला आवडतात, पण त्यात एक उणीव दिसते. नमुना म्हणजे मेलेला प्राणी. कवटी मोजता येते, दात मोजता येतात, कातडीचा रंग लिहून ठेवता येतो. आवाज कुठून आणणार? सर्वेक्षण सुरू झालं तेव्हा तर वटवाघळाला आवाज आहे हेच जगाला ठाऊक नव्हतं. आपल्याकडच्या वटवाघळांचा सगळा अभ्यास अशा मुक्या प्राण्यांवर उभा राहिला. १९६२ मध्ये आंद्रे ब्रोसे या फ्रेंच अभ्यासकाची पश्चिम आणि मध्य भारतातल्या वटवाघळांवरची मालिका सोसायटीच्या जर्नलमध्ये आली. त्यात वटवाघळं कुठे लटकतात, कुणाबरोबर राहतात, कधी बाहेर पडतात हे होतं. जिवंत प्राणी कागदावर आला, पण ऐकायचं काम अजून बाकीच होतं.

८० किलोहर्ट्झचा हट्ट

आता आपल्या हिरोकडे येऊ. ऱ्हायनोलोफस रॉक्सी. नाकावर घोड्याच्या नालेसारखी चामडी, म्हणून आपण त्याला नाल-नाक्या म्हणू. तांबूस रंगाचा, मुठीत मावेल एवढा. सह्याद्रीत राहतो, श्रीलंकेतही राहतो. हा नाकातून ओरडतो, आणि एकच सूर लांबवर धरतो, तंबोऱ्याच्या तारेसारखा.

याच्या कानाची खासियत अशी की कानातल्या शंखाचा बराच मोठा भाग फक्त त्याच्या स्वतःच्या सुराच्या आसपासच्या अरुंद पट्ट्यासाठी राखलेला असतो. तिथे तो अतिशय बारीक फरक ओळखतो. किडा पंख फडफडवतो तेव्हा प्रतिध्वनीत किंचित थरथर येते, ती यालाच कळते. पानं हलत नाहीत तशी. म्हणून दाट झाडीतही हा किडा शोधू शकतो.

पण मोठी अडचण आहे. कांदिवलीच्या प्लॅटफॉर्मवर उभे राहा, न थांबणारी विरार फास्ट हॉर्न देत येते. येताना सूर चढा वाटतो, गेली की उतरतो. डॉप्लरचा परिणाम, शिकलोय आपण. आता वटवाघूळ स्वतःच उडतंय. समजा ते सेकंदाला ५ मीटर वेगाने झाडाकडे चाललंय आणि ८० किलोहर्ट्झला ओरडतंय. जाताना आणि परत येताना असा दुहेरी परिणाम धरला तर प्रतिध्वनी सुमारे २.३ किलोहर्ट्झने वर सरकतो. म्हणजे राखीव पट्ट्याच्या बाहेर! कान तिथे तितका तीक्ष्ण नाही. किडा हुकला.

मग तो काय करतो? १९६८ मध्ये जर्मनीतल्या हान्स-उलरिश श्निट्झलर यांनी नाल-नाक्यांच्या युरोपातल्या भाऊबंदांवर हे मोजून दाखवलं. उडताना वटवाघूळ आपला सूर तेवढाच खाली घेतं. सूर खाली, प्रतिध्वनी वर, आणि कानावर येतो तो नेमका राखीव पट्ट्यातला. वेग बदलला की पुन्हा दुरुस्ती. प्रत्येक हाकेला.

मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा फीडबॅक लूपच दिसला. आउटपुट मोजा, हव्या किमतीशी तुलना करा, फरक वजा करा, पुन्हा करा. फक्त इथे हे सगळं काही ग्रॅम वजनाच्या प्राण्यात, अंधारात, उडता उडता चाललंय. प्रश्न उरतो तो इतकाच: हा लूप मेंदूत कुठे आहे?

मेंदूतला शोध

खालून वर जाऊ. आवाज स्वरयंत्रात तयार होतो. १९६१ मध्ये नोविक आणि ग्रिफिन यांनी दाखवलं की स्वरयंत्राच्या एका ठरावीक मज्जातंतूला कापलं की वटवाघळाचा सूर खाली उतरतो. म्हणजे सूर ताणून वर नेणारा स्नायू त्या तंतूवर चालतो. हे स्नायू साधे नाहीत. २०११ मध्ये युरोपातल्या एका वटवाघळाच्या स्वरयंत्राचे स्नायू तपासले गेले, तेव्हा ते सेकंदाला २०० वेळा आखडू-सैल होऊ शकतात असं दिसलं. किडा पकडायच्या शेवटच्या क्षणी हाकांचा पाऊस पडतो, तो याच जोरावर.

या स्नायूंना आज्ञा देणाऱ्या पेशी मेंदूच्या देठात, 'न्यूक्लियस अँबिग्युअस' नावाच्या जागी असतात. आता कान द्या. १९८६ मध्ये रुडॉल्फ र्‍युब्सामेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पेशींतल्या एकेका पेशीचे विजेचे ठोके मोजले. प्राणी कोणता? आपलाच नाल-नाक्या, ऱ्हायनोलोफस रॉक्सी. जर्मनीतल्या गेरहार्ड नॉयवायलर यांचा गट श्रीलंकेत या जातीवर काम करत होता. नॉयवायलर यांचं मदुराईशीही नातं होतं, तिथे एम. के. चंद्रशेखरन यांनी वटवाघळांच्या अभ्यासाची परंपरा उभी केली होती. म्हणजे जी जात आपल्या घाटात राहते, तिच्या मेंदूचा पहिला नीट नकाशा जर्मनीत तयार झाला. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, त्याचंच हे उदाहरण.

पण हे झाले शेवटचे हुकूम. दुरुस्तीचा लूप कुठे? १९८९ मध्ये वॉल्टर मेट्झनर यांनी 'नेचर'मध्ये निबंध छापला. याच जातीच्या मध्यमेंदूत, पॅरालेम्निस्कल नावाच्या भागात त्यांना अशा पेशी मिळाल्या ज्या स्वतःच्या हाकेलाही आणि ऐकू आलेल्या प्रतिध्वनीलाही उत्तर देत होत्या. बोलणं आणि ऐकणं एकाच पेशीत भेटतंय! सगळ्यांना वाटलं, सापडलं. लूप इथेच.

आणि मग १९९८ मध्ये गोष्ट उलटली. पिलाट आणि गेर्ड शुलर यांनी हा भाग दोन्ही बाजूंनी निकामी करून पाहिला. वटवाघूळ तरीही सूर दुरुस्त करत राहिलं! म्हणजे त्या पेशींना सगळं ऐकू येत असलं तरी सूर दुरुस्त करायला त्यांच्याशिवाय अडत नव्हतं. डॅशबोर्डवर आकडा दिसतो म्हणून डॅशबोर्ड सर्व्हर चालवत नाही, तसं.

२००३ मध्ये मायकल स्मदरमन, शुयी झांग आणि स्वतः मेट्झनर यांनी दुसरी जागा दाखवली, पॅराब्रॅकियल भाग. तिथे पेशींचा एकमेकींशी होणारा रासायनिक निरोप औषधाने कमी-जास्त केला की सुराची दुरुस्तीच बदलते. आपल्याच आधीच्या निष्कर्षाच्या पुढे जाणाऱ्या कामावर आपलंच नाव! मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वात चांगली जागा वाटते. विज्ञानात माणसं कधीकधी अशीही वागतात.

अजून वर गेलं की मध्यमेंदूतला 'पेरिअ‍ॅक्विडक्टल ग्रे' लागतो. जवळजवळ सगळ्याच सस्तन प्राण्यांच्या ओरडण्याचं हे मुख्य फाटक आहे. २००२ मध्ये फेन्झल आणि शुलर यांनी दुसऱ्या एका वटवाघळात दाखवलं की हा भाग उत्तेजित केला की दोन्ही प्रकारचे आवाज निघतात, रस्ता शोधायच्या हाका आणि एकमेकांशी बोलायच्या हाका. पॅरालेम्निस्कल भागातून मात्र फक्त रस्ता शोधायच्या हाका. म्हणजे 'मला बघायचंय' आणि 'मला बोलायचंय' यांचे रस्ते मेंदूत काही ठिकाणी वेगळे आहेत.

बोलणारे आणि भांडणारे

बोलणं म्हटलं की फळखाऊ वटवाघळं आलीच. इजिप्तच्या फळखाऊ वटवाघळांवर इस्रायलमधल्या योसी योव्हेल यांच्या गटाने बरंच काम केलंय. ही वटवाघळं रस्ता स्वरयंत्राने शोधत नाहीत, जिभेने चटचट आवाज करून शोधतात. स्वरयंत्राचा आवाज ती एकमेकांसाठी वापरतात. २०१६ मध्ये या गटाने हजारो आवाज तपासून सांगितलं की कोण ओरडतंय, कुणावर ओरडतंय आणि कशावरून ओरडतंय, हे आवाजावरून बऱ्याच प्रमाणात ओळखता येतं. भांडणाचे विषय? खाणं, झोपायची जागा, नकोसा सलगीचा प्रयत्न, आणि 'जरा सरक ना, किती चिकटतोस'. सकाळची आठ सतराची लोकल आठवली ना?

२०२४ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या कामात या वटवाघळांच्या मेंदूच्या वरच्या थरातून स्वरयंत्राच्या पेशींपर्यंत थेट तार जाते असं दाखवलं गेलं. हे महत्त्वाचं का? माणसात अशी थेट तार आहे, आणि आपल्या बोलण्यामागे ती एक मोठी गोष्ट मानली जाते. बहुतेक माकडांमध्ये ती जवळपास नाही. म्हणजे बोलणं कसं आलं हे समजायला आपण आपल्या जवळच्या नातेवाइकांकडे बघत होतो, आणि एक धागा लेण्याच्या छताला उलटा लटकलेल्याकडे निघाला. या इजिप्शियन वटवाघळाची सख्खी चुलत जात, रौसेटस लेशेनॉल्टी, आपल्याकडे महाराष्ट्रातल्या गुहांमध्ये राहते.

आणि आपण?

आता आपल्या कायद्याकडे बघा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात एक यादी होती, उपद्रवी प्राण्यांची. कावळा, उंदीर, घूस, आणि फळखाऊ वटवाघळं. सलीम अलींच्या नावाचं वटवाघूळ आणि बारापेडेचं वटवाघूळ यांना सर्वोच्च संरक्षण, बाकी फळखाऊ वटवाघळं उंदरांच्या रांगेत. २०२२ च्या दुरुस्तीने ही यादी काढून टाकली आणि ती दुरुस्ती एप्रिल २०२३ मध्ये अमलात आली. म्हणजे पन्नास वर्षं!

त्याच सुमाराला २०२१ मध्ये बातमी आली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेला महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या काही वटवाघळांमध्ये निपाह विषाणूविरुद्धच्या प्रतिपिंडांचा पुरावा मिळाला होता. कोरोनाचे दिवस, लोक आधीच घाबरलेले. हा अभ्यास गरजेचाच होता आणि तो होत राहिला पाहिजे. पण त्यातून काढायचा धडा 'गुहा जाळा, झाडं तोडा' हा नाही. वटवाघळांना डिवचू नका, त्यांच्या गुहेत उगाच शिरू नका, अर्धवट खाल्लेलं फळ उचलून खाऊ नका, हा आहे. त्यांना हुसकावलं तर ती आपल्याच जास्त जवळ येतील.

आणि सह्याद्रीतल्या नाल-नाक्याचं काय झालं? भारतीय अभ्यासकांनी पश्चिम घाटात माईक लावले. एकाच जातीत दोन सूर निघाले, एक ८० किलोहर्ट्झच्या आसपासचा आणि दुसरा ९० च्या आसपासचा. दिसायला जवळजवळ सारखे, जनुकं मात्र वेगळी. २०१२ मध्ये दुसरा सूर वेगळी जात म्हणून नोंदला गेला, ऱ्हायनोलोफस इंडोरॉक्सी. विचार करा, सव्वाशे वर्षं कातडी आणि कवट्या बघून जे दिसलं नाही, ते ऐकल्यावर कळलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. आपल्या लेण्यांमध्ये दोन इतिहास आहेत. एक दगडात कोरलेला, त्याचं तिकीट काढून आपण फोटो काढतो. दुसरा छताला लटकलेला, आणि त्याला आपण टॉर्च मारतो, टाळ्या वाजवतो, दगड भिरकावतो. दिवसा झोपलेलं वटवाघूळ दचकून उडालं की त्याची शक्ती वाया जाते, पिल्लं आईच्या पोटावरून खाली पडू शकतात. कान्हेरीला जाल तेव्हा अंधाऱ्या गुंफेत फ्लॅश बंद ठेवा आणि आवाज हळू करा. वर कुणीतरी आपला सूर धरून बसलंय, आपल्याला ऐकू येत नाही एवढंच.

कॉलेजात असाल, इलेक्ट्रॉनिक्स किंवा कोडिंग जमत असेल, तर अल्ट्रासाउंड पकडणारे छोटे माईक आता फोनलाही जोडता येतात. तुमच्या गावाजवळच्या लेण्यात कोण कुठल्या सुरात ओरडतंय, हे कदाचित अजून कुणीच लिहून ठेवलेलं नसेल. गुहेत शिरायची गरज नाही. संध्याकाळी ती बाहेर पडतात तेव्हा लांब उभं राहून ऐकायचं.

आजच्यापुरतं इतकंच. एपिसोड आवडला तर त्या 'ई' म्हणणाऱ्या मित्राला नक्की पाठवा. भेटूया पुढच्या आठवड्यात. तोवर, ऐकत राहा!